राजवाड्यासमोरचा ट्रायपॉड

पॅट्रिक कीलर या इंग्रज दिग्दर्शकाचा 'लंडन' हा १९९४ सालचा चित्रपट पाहायला बसलेला माणूस पहिली दहा मिनिटे पडद्यावर एखादे पात्र येण्याची वाट पाहतो, आणि ते काही येत नाही. चित्रपटाला नायक आहे. त्याचे नाव रॉबिन्सन, तो शहरभर हिंडतो, त्याला ठाम मते आहेत, सरकारवर त्याचा राग आहे, एका जुन्या मित्राशी त्याचे धड जुळतही नाही आणि तुटतही नाही. पण शेवटपर्यंत त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. दिसतात ते पूल, नदी, रस्त्याचे कोपरे, दुकानांच्या पाट्या आणि घरे. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवलेला असतो आणि जागचा हलत नाही. त्या चित्रांवरून त्या मित्राचा आवाज, म्हणजे पॉल स्कोफील्ड या थोर नटाचा आवाज, थोडा थकलेला, थोडा खट्याळ, रॉबिन्सनची हकीकत सांगत जातो.

कीलर मुळात वास्तुविशारद. 'लंडन'साठी त्याने १९९२ हे संपूर्ण वर्ष शहर चित्रित केले आणि निवेदन त्यानंतर लिहिले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी मजकूर लिहून मग त्याला साजेशी दृश्ये गोळा केली की चित्र हे मजकुराचे हरकाम्या होते. शाळेत दाखवल्या जाणाऱ्या माहितीपटांत हेच झालेले असते. इथे चित्र आधी आले, त्याला स्वतःचे काही म्हणणे नव्हते, आणि आवाज मागाहून येऊन त्याच्याशी वाद घालू लागला. १९९७ च्या 'रॉबिन्सन इन स्पेस'मध्ये हा वाद अगदी उघड होतो. रॉबिन्सन इंग्लंडची बंदरे पाहत फिरतो. धक्क्यांवर माणूस दिसत नाही, सगळे ओसाड वाटते, आणि आपण मनाशी म्हणतो की हा देश बुडाला. तेवढ्यात निवेदक आकडे देतो की माल तर भरपूर चालला आहे. फक्त त्यासाठी आता माणसे लागत नाहीत. डोळ्यांना जी अवकळा दिसली ती प्रत्यक्षात भरभराट होती, आणि तीच जास्त भीतिदायक होती. नुसत्या चित्राने हे कळले नसते आणि नुसत्या आकड्यांनी ते जाणवले नसते. निबंधपट नावाचा, गोष्टीऐवजी विचार मांडणारा चित्रपटांचा जो प्रकार आहे त्याचे सारे बळ मला या फटीत दिसते: चौकट थांबलेली असते आणि आवाज भटकत असतो.

या प्रकाराची वंशावळ सांगत बसण्याचे कारण नाही. जर्मन चित्रपटकार हान्स रिश्टरने १९४० मध्ये चित्रपटरूपी निबंधाची कल्पना मांडली होती. फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्करच्या १९८३ च्या 'सां सोलेय'मध्ये एक बाई एका न दिसणाऱ्या छायाचित्रकाराची पत्रे वाचते आणि आपण जपानपासून गिनी-बिसाऊपर्यंत फिरून येतो. बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकेरमानने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आईची बेल्जियमहून आलेली पत्रे वाचली आणि शहराच्या गोंगाटात ती अर्धीमुर्धी बुडू दिली. ललित निबंध वाचत मोठा झालेला मराठी वाचक या चित्रपटांपुढे बिचकण्याचे कारण नाही. विषयाला धरून विषयांतर करणे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

त्याहून जुनी गोष्टही आपल्याकडे आहे. महानुभावांची 'स्थानपोथी' मी पहिल्यांदा वाचली तेव्हा तिच्यातल्या कोरडेपणाने चकित झालो होतो. चक्रधरस्वामी ज्या ज्या गावी गेले, जिथे बसले, जिथे निजले, त्या जागांची ती नोंद आहे; आणि त्या नोंदीत भक्तीचे उमाळे नसून देऊळ कोणत्या दिशेला, त्याचे दार कुठे, गावापासून नदी कोणीकडे, असा सगळा हिशेब आहे. भटकणारा पुरुष निघून गेला आहे, उरलेल्या जागा एकेक करून मोजल्या जात आहेत, आणि मोजणाऱ्याचे दुःख त्या मोजण्यातच आहे. कीलरच्या हातात ही पोथी पडली असती तर त्याला ती ओळखीची वाटली असती असे मी खुशाल म्हणतो.

आता साताऱ्याकडे येतो, कारण हे चित्रपट पाहून झाल्यावर माझ्या डोक्यात सतत एकच खेळ चालू असतो: ट्रायपॉड इथे लावला तर?

राजवाड्यासमोर तो संध्याकाळी लावावा. चौकटीत जुना राजवाडा, त्याचे लाकडी खांब, वर कबुतरे, आणि पुढ्यात चौपाटीच्या गाड्या. पाणीपुरीवाल्याच्या गाडीवर पिवळा दिवा लागलेला आहे, एक बाई पोराचे तोंड पदराने पुसते आहे, दुचाकीवाल्याला जागा मिळत नाही म्हणून तो हॉर्न वाजवतो आहे. मागे अजिंक्यताऱ्याची काळी कड आणि तिच्यावरचा प्रक्षेपणाचा मनोरा. चार मिनिटे काहीही न हलवता हे बघायचे. आता आवाज यावा. या वाड्यातून साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवले. इंग्रजी अमलात याच वाड्यात सरकारी हायस्कूल भरू लागले, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या पहिल्या इयत्तेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. साताऱ्यातल्या शाळेच्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहिले आहे: बसायला घरून आणलेले गोणपाट, ते रोज परत घेऊन जायचे, तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही, शिपायाने नळ सोडला तरच पाणी. हा आवाज चालू असताना पडद्यावर तीच गाडी, तोच पिवळा दिवा, आणि स्टीलच्या पिंपातून कोणीही, कोणालाही न विचारता, पाणी घेऊन पितो आहे. कॅमेऱ्याने तिकडे बोट दाखवायचे नाही. दाखवले की प्रचारपट झाला.

शेजारच्या नव्या राजवाड्यात अनेक वर्षे न्यायालय भरत असे. ज्या राजाला न्याय मिळाला नाही त्याच्या घराण्याच्या वाड्यात न्यायालय, हा योगायोग इतका ठसठशीत आहे की निबंधपटात तो न वापरणेच शहाणपणाचे ठरेल.

मात्र प्रतापसिंहांच्या बाजूने न्याय मागायला जो माणूस गेला, त्याच्यापासून हा सबंध चित्रपट सुरू व्हावा असे मला वाटते. रंगो बापूजी गुप्ते हे महाराजांचे वकील म्हणून विलायतेला गेले आणि १८४० च्या सुमारापासून १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहिले. लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया हाउसमध्ये कंपनीचे संचालक आणि भागधारक यांच्यापुढे अर्ज करायचे, छापील पत्रके वाटायची, पार्लमेंटच्या सभासदांच्या गाठी घ्यायच्या, आणि पुन्हा अर्ज करायचे, हा त्यांचा उद्योग. १८४७ मध्ये महाराज काशीत वारले. १८४८ मध्ये त्यांच्या जागी बसवलेले बंधू शहाजीराजे वारले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्यच खालसा केले. म्हणजे ज्याच्यासाठी भांडायचे तो धनी गेला, ज्या गादीसाठी भांडायचे ती गादी गेली, आणि वकील मात्र त्यानंतरही काही वर्षे त्याच शहरात, त्याच दारात. साताऱ्याच्या थंडीची सवय असलेल्या माणसाने लंडनचे इतके हिवाळे कसे काढले असतील, पैसे संपल्यावर घरमालकिणीशी काय बोलले असतील, असले प्रश्न इतिहासकाराने विचारायचे नसतात. निबंधकाराने विचारायचे असतात.

कीलरचा रॉबिन्सन लंडनमध्ये परक्यांचे माग काढत फिरतो. रॅंबो आणि व्हर्लेन हे फ्रेंच कवी कुठे राहिले, रशियाहून परागंदा झालेला अलेक्सांद्र हर्झेन या शहराबद्दल काय म्हणाला, याची त्याला ओढ आहे, कारण त्याच्या मते लंडन समजलेच असेल तर ते बाहेरून आलेल्यांना. हर्झेन लंडनमध्ये आला १८५२ मध्ये. रंगो बापूजी तेव्हा तिथेच होते. झारशाहीतून निसटलेला रशियन आणि छत्रपतींचा सातारी वकील एकाच धुक्यात, एकाच वर्षी, त्याच पुलांवरून चालत असणार. दोघांची कधी गाठ पडली असे मी म्हणत नाही. पण एका चौकटीत ते दोघेही मावतात, आणि रॉबिन्सनच्या यादीत आपला माणूस नाही याची मला थोडी हळहळ वाटते. अर्थात ती यादी पूर्ण करणे हे कीलरचे काम नव्हते. ते आपले होते.

आणि वास्तूंनी इथे काय केले पाहा. ईस्ट इंडिया हाउस १८६१ मध्ये पाडायला घेतले. आज त्या जागी लॉइड्सची इमारत उभी आहे, १९८६ मध्ये सुरू झालेली, नळ, जिने आणि लिफ्ट अंगाबाहेर काढून ठेवलेली, पोलादी आणि चकचकीत. हरलेल्या राजाचा वाडा साताऱ्यात उभा आहे. ज्यांनी हरवले त्यांच्या वाड्याचा दगड जागेवर नाही. म्हणून कुणी सुडाचा आनंद मानू नये, कारण कंपनीचा वाडा पडला तो तिची गरज संपली म्हणून. तिचे काम तोवर दुसऱ्यांनी हाती घेतले होते, आणि आज तिथे जगभरच्या जोखमींचा विमा उतरवला जातो. तिकडे ट्रायपॉड लावायचा झाला तर पोलादी जिन्यांवर कॅमेरा ठेवून मराठीत प्रतापसिंहांचे अर्ज वाचावे लागतील. सुरक्षारक्षक येऊन काय चालले आहे ते विचारेल. तो प्रसंगही चित्रपटात ठेवावा.

रंगो बापूजी परतले, आणि सत्तावन्नच्या उठावाच्या वेळी साताऱ्यात जो कट उघडकीस आला त्यात त्यांचे नाव आले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर १७ जणांना देहदंड देण्यात आला. कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. ते स्वतः मात्र निसटले आणि पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत. अजिंक्यताऱ्याच्या अंगावर चार भिंतींचे जे हुतात्मा स्मारक आहे तिथे त्यांची आठवण जपली आहे. तिथे संध्याकाळी वारा खायला आलेली कुटुंबे आणि अभ्यासाचे निमित्त काढून आलेली महाविद्यालयीन मुले असतात, आणि मला त्यात काही अप्रतिष्ठा वाटत नाही. ज्या नायकाचा शेवटचा ठावठिकाणा कळत नाही त्याच्यासाठी न दिसणाऱ्या नायकाचा हा चित्रप्रकार अगदी सोयीचा आहे.

आमच्या जिल्ह्यात कॅमेरा काही नवीन नाही, हेही इथे सांगायला हवे. वाई आणि मेणवली या गावांनी हिंदी चित्रपटांत जेवढी कामे केली तेवढी एखाद्या चरित्र अभिनेत्याने केली नसतील. 'गंगाजल'मध्ये वाईने बिहार केला, 'स्वदेस' आणि 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेश केला. कृष्णेच्या घाटाने गंगेचे पाणी भरले. नाना फडणवीसांच्या मेणवलीच्या वाड्यामागच्या घाटावर एक मोठी घंटा आहे, ती १७३९ च्या वसईच्या विजयानंतर पोर्तुगिजांच्या चर्चमधून आली असे सांगतात. म्हणजे पोर्तुगीज चर्चची घंटा, कृष्णाकाठच्या देवळात, आणि पडद्यावर ते गाव उत्तर प्रदेशातले. अमेरिकन दिग्दर्शक थॉम अँडरसनने २००३ मध्ये 'लॉस एंजेलिस प्लेज इटसेल्फ' हा सुमारे तीन तासांचा निबंधपट केला, तो जवळजवळ सगळा दुसऱ्यांच्या चित्रपटांतल्या तुकड्यांचा आहे. आपल्या शहराला चित्रपटांनी कसे खोटे पाडले, आधुनिक वास्तुकलेची सुंदर घरे खलनायकांच्या नावावर कशी लावली, एका रस्त्यावरून वळलेली मोटार भलत्याच भागात कशी बाहेर पडते, याची तो रागारागाने तक्रार करतो. वाईचा असा चित्रपट करायला एक संपादनाचा संगणक आणि एक चिडका वाईकर पुरे आहे. दुसरा सहज मिळेल.

माझा एक मित्र लग्नाचे शूटिंग करतो. त्याच्याकडे दोन चांगले कॅमेरे आहेत, ड्रोन आहे, आणि माझ्या या खेळाबद्दल त्याचे स्पष्ट मत आहे. "चार मिनिटं कॅमेरा हलवायचा नाही? अरे, नवरदेव घोड्यावरून उतरला तरी मी सहा सेकंदांच्या वर ठेवत नाही. लोक पुढे ढकलतात." त्याचे खरे आहे. शिवाय त्याने साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारामोटेच्या विहिरीचे ड्रोनमधून जे दृश्य घेतले ते लाखभर लोकांनी पाहिले, आणि माझे लेख किती जण वाचतात ते त्याला माहीत आहे.

पण त्या दृश्यावरच माझी हरकत आहे. शाहू महाराजांच्या काळात, शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी १७१९ ते १७२४ मध्ये, वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधवली. ड्रोन वर गेला की तिचा शिवलिंगासारखा आकार एका नजरेत दिसतो, आणि आता प्रत्येक जण तो आकारच पाहायला येतो. बांधली तेव्हा तो तसा वरून पाहण्याची सोय कोणालाच नव्हती. फार तर कागदावरच्या आराखड्यात तो असेल. मोटकऱ्याने, म्हणजे बैलांकरवी मोटेने पाणी ओढणाऱ्याने, विहीर पाहिली ती धावेवरून, म्हणजे बैलांच्या उतरत्या वाटेवरून, बैलांच्या पाठीमागून. नाडा आणि सोंदूर हे मोटेचे दोर ओढले जायचे, मोट थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, ओतली जायची आणि पाणी पाटाला लागायचे. पुन्हा बैल मागे. पायऱ्या उतरून आत गेलेल्याला आधी अंधार लागतो, मग गारवा, मग भिंतीवरचे शरभ, आणि वर पाहिले तर विहिरीच्या पोटातच बांधलेल्या महालाचे खांब. या वास्तूचा अर्थ चालत, वाकत, खाली उतरत कळतो. 'रॉबिन्सन इन रुइन्स' या २०१० च्या चित्रपटात कीलर रस्त्यावरच्या एका पाटीवर वाढलेल्या दगडफुलावर कॅमेरा रोखून बसतो आणि निवेदनात २००८ च्या आर्थिक पडझडीचा विषय चालू राहतो. बँका कोसळत आहेत आणि दगडफूल आपल्या गतीने वाढते आहे. तसे थारोळ्याच्या दगडावर बसता आले पाहिजे. मित्राला मी हे सांगितले. तो म्हणाला, "बस. पण बॅटरी तुझी."

फ्रेंच दिग्दर्शिका अन्येस व्हार्दाची पद्धत कदाचित त्याला पटेल. २००० सालच्या तिच्या सरवा वेचणाऱ्यांवरच्या चित्रपटात ती छोटा डिजिटल कॅमेरा हातात घेऊन फ्रान्सभर हिंडते, शेतात टाकून दिलेले बटाटे गोळा करते, आणि एका हातातल्या कॅमेऱ्याने आपल्याच दुसऱ्या, म्हाताऱ्या झालेल्या हाताचे चित्रण करते. तिचा कॅमेरा हलतो, कारण ती स्वतः त्या कामात आहे. भुईमूग काढून झालेल्या रानात पुन्हा माती चाळत शेंगा वेचणाऱ्या बायका कोरेगाव-रहिमतपूरकडे दिसतात. त्यांच्याकडे ट्रायपॉडवरून पाहणे मला शिष्टपणाचे वाटेल. तिथे वाकलेच पाहिजे.

सगळ्यात अवघड जागा बामणोलीची. कोयनेच्या धरणाने झालेला शिवसागर, सभोवती सह्याद्रीचे डोंगर, बोटी, सुटीत आलेली गर्दी. चौकट इतकी देखणी की कॅमेरा कुठेही ठेवा, दिनदर्शिकेचे पान तयार. या पाण्याखाली गावे आहेत, देवळांची जोती आहेत, घरांचे चौथरे आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरले की त्यातले काही वर येते. माणसांना उठवून दुसऱ्या जिल्ह्यांत नेऊन बसवले. धरणात पाणी साठू लागल्यावर काही वर्षांतच, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनानगरला मोठा भूकंप झाला, आणि साठवलेल्या पाण्याने भूकंप होतो का या प्रश्नाच्या जगभरातल्या अभ्यासात कोयनेचे नाव कायमचे गेले. वीज राज्याला मिळाली, हेही तितकेच खरे आहे. हा लेख मी त्याच राज्याच्या विजेवर लिहितो आहे.

इथे आवाजाची फार मोठी पंचाईत होते. निळ्या पाण्यावर कोणी हळव्या सुरात बुडालेल्या गावांबद्दल बोलू लागला की दोन वाक्यांत ते सुंदर होऊन जाते, आणि विस्थापन सुंदर होणे यासारखा दुसरा अपमान नाही. मार्करने आपली पत्रे दुसऱ्याच्या तोंडून वाचून घेतली, कीलरने नायकाला लपवून त्याचा मित्र बोलता केला. या दोघांनीही स्वतःचा गळा दाटून येण्याची सोयच ठेवली नाही. कोयनेच्या भागासाठी निवेदन हवे ते स्थानपोथीसारखे: गावाच्या पूर्वेस ओढा, ओढ्याच्या पलीकडे भैरोबाचे देऊळ, देवळाचे दार उत्तरेस, दारासमोर आंबा. मग पुढचे गाव. पाण्यावर बोट जात राहते आणि आवाज दिशा सांगत राहतो.

मित्राचे म्हणणे असे की आवाज एखाद्या नावाजलेल्या नटाचा घ्यावा, म्हणजे निदान कोणी लावून तरी पाहील. माझे मत वेगळे आहे. जावळीतून लहानपणी उठवली गेलेली आणि आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या पुनर्वसनाच्या गावात नातवंडे सांभाळणारी एखादी आजी शोधावी, सबंध निवेदन तिच्यापुढे ठेवावे, आणि ते वाचण्याआधी खोडण्याचा अधिकार तिला द्यावा. ओढा पूर्वेला नव्हता, असे ती म्हणाली तर चित्रे तीच ठेवून वाक्य बदलायचे. तिला लेडनहॉल स्ट्रीट नको असेल, तर रंगो बापूजींसाठी मी वेगळा चित्रपट करीन.